सगळं ऑटोमॅटिक आहे

माणगावात मुंबई–गोवा हायवेवर गाडी अडकली की पाट्या वाचण्याशिवाय दुसरा उद्योग उरत नाही. पतसंस्था, झेरॉक्स, मोबाइल रिपेअरिंग, वकील, पुन्हा पतसंस्था. या पाट्यांमागे प्रत्येक ठिकाणी एक इसम हमखास सापडतो, ज्याच्या नावाची पाटी कुठेच नसते. त्याला आपण सर्व्हरभाऊ म्हणू.

नेमणूक क्लार्कची. पण कधीतरी एमएस-सीआयटी केलेलं, आणि एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाटता बाहेर काढलेला. तेव्हापासून वायर असलेली प्रत्येक वस्तू त्याच्या गळ्यात. मॅनेजर मॅडमच्या केबिनमधला पंखासुद्धा.

बॅकअपचं निघालं ते ऑडिटरच्या शेऱ्यावरून. ‘डेटाचा बॅकअप घेतला जात नाही.’ मॅडमनी शेऱ्याखाली रेघ ओढली आणि मान वर केली. सर्व्हरभाऊ म्हणाला, “होऊन जाईल.”

शेरा काही उगाच नव्हता. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माणगाव तालुक्यात छपरं उडाली, विजेचे खांब आडवे झाले, गावंच्या गावं अंधारात बसली. पुढच्याच वर्षी 22 जुलैला शेजारचं महाड पाण्यात गेलं आणि दुकानदारांच्या वह्या चिखलातून काढाव्या लागल्या. आणि आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर? तो काउंटरखाली, जमिनीवर, चपलांना चिकटून. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ चढते. एका वर्षीची पाकळी त्याच्या पंख्यात गेली आहे. उन्हाळ्यात तो त्या पाकळीसकट कुरकुरतो.

सॉफ्टवेअर बसलं. त्याने विचारलं, बॅकअप ठेवू कुठे? सर्व्हरभाऊने ऐटीत ‘डी’ ड्राइव्ह निवडला. सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग, म्हणजे डिस्क गेली की दोघं एकाच तिरडीवर. सॉफ्टवेअरने पिवळा त्रिकोण दाखवून पाहिला. “पिवळ्याला घाबरायचं नसतं. लाल आला तर बघू,” असं म्हणून याने ओके दाबलं. पासवर्ड मागितला, तो दिला. विसरायला नको म्हणून एका फाइलमध्ये लिहून त्याच सर्व्हरवर ठेवला. वेळ रात्री दोनची. मग खुर्ची मागे सरकवून त्याने जाहीर केलं, “मॅडम, सगळं ऑटोमॅटिक आहे.”

ऑटोमॅटिक होतंच. फक्त शिपाईमामा रोज संध्याकाळी कुलूप लावण्याआधी मेन स्विच खाली पाडत होते. बिल वाढतं म्हणून. मला विचाराल तर यात मामांचा दोष नाही. रात्री दोन वाजता ऑफिसात कोण काम करणार आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

लोणेऱ्याला इंजिनिअरिंग करणारा पुतण्या रविवारी जेवायला आला, तेव्हा त्याने 3-2-1 चा नियम सांगितला. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक गावाबाहेर. शिवाय गोष्टही सांगितली. 1998 मध्ये पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी 2’चं काम चालू असताना कुणीतरी एक कमांड दिली आणि सिनेमा डोळ्यांदेखत पुसला जायला लागला. बॅकअप काढायला गेले तर तोही धड चालत नव्हता. एका बाईंनी तान्ह्या मुलामुळे घरून काम करायचं म्हणून एक प्रत घरी नेलेली होती, तिने तारलं. सर्व्हरभाऊने भाताचा घास थांबवून सार काढलं, “म्हणजे डेटा घरी नेलेला चालतो.”

पण गावाबाहेर म्हणजे कुठे? महाडला पाणी. श्रीवर्धनला वारा. पुण्याला मावशी आहे, पण पावसात ताम्हिणीत दरड कधी येईल सांगता येत नाही. शेवटी डोंबिवलीचा चुलतभाऊ ठरला. गौरी-गणपतीला तो गावी येतो. परत जाताना तांदूळ आणि आमसुलांच्या पिशवीत, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली हार्ड डिस्क दिवा गाडीने डोंबिवलीकडे निघते. शिमग्याला परत येते, नवा डेटा भरून घेते, पुन्हा जाते. अख्ख्या संस्थेचा खरा बॅकअप चाकरमान्याच्या रजेवर अवलंबून.

31 मार्चला जगभर ‘वर्ल्ड बॅकअप डे’ पाळतात. 31 मार्चला! ज्याने ही तारीख काढली त्याने पतसंस्थेत एक दिवस तरी नोकरी केलेली नसणार.

पुढच्या ऑडिटला साहेबांनी भलतीच मागणी केली. “बॅकअप आहे ना? मग परत आणून दाखवा.” सर्व्हरभाऊ अवाक. घ्यायला सांगितला होता, परत आणायचं कुठे ठरलं होतं? डी ड्राइव्ह उघडला तर रिकामा. डोंबिवलीला फोन गेला. माघी गणपतीला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती डिस्क आली आणि कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडली. ऑडिटर, मॅडम, मामा, सगळे वाकून उभे. खाती एकेक करून उघडू लागली, आणि सर्व्हरभाऊची छाती फुगली.

काउंटरवर हप्ता भरायला आलेले एक काका मान लांब करून बघत होते. “माझं कर्ज दिसत नाही यात.”

“काका, हा गणपतीपर्यंतचा डेटा आहे. तुम्ही कर्ज दिवाळीत घेतलंत.”

काकांनी हातातल्या नोटा पुन्हा खिशात घातल्या. “मग आता हाच चालू ठेव ना, भाऊ.”