स्मोकर लावण्याची रीत: केनवडच्या नवशिक्यांसाठी

घरातला मुलगा पुण्याहून किंवा त्याहूनही लांबून दिवाळीला येतो. सोबत कमरेएवढी उंच काळी पेटी आणतो. हिला स्मोकर म्हणतात, ही विजेवर चालते, हिच्यात धुरावर कोंबडी शिजते आणि पाच-सहा तास लागतात, असं सांगतो. पाच-सहा तास ऐकून घरातल्या बाया एकमेकींकडे पाहतात. भाऊबीज झाली की मुलगा परत जातो. पेटी राहते. पेटीसोबतचं पुस्तक इंग्रजीत असतं आणि ते लिहिणाऱ्याने रिसोड तालुका पाहिलेला नसतो. म्हणून ही रीत.

पायरी पहिली, पिन लावण्याआधी. पेटीच्या पाठीवरची पट्टी वाचा. १२० व्होल्ट लिहिलं असेल तर पेटी अमेरिकेची. ती आपल्या २३० व्होल्टवर लावली तर ८०० वॅटचं कॉइल २९०० वॅटच्या वर ओढायला बघेल, कारण दाब दुप्पट झाला की ताकद चौपट होते. बघेल म्हणतोय, कारण फार वेळ काही बघता येणार नाही. चकतीवरचे आकडेही फॅरनहाइटचे असतील: तिचे २२५ म्हणजे आपले १०७ अंश.

हाच हिशेब उलटाही चालतो, आणि केनवडात तो जास्त कामाचा. रब्बीत हरभऱ्या-गव्हाचं पाणी सुरू झालं, मोटारी एकदम चालू झाल्या, की डीपीपासून लांबच्या घरात २३० चे १८० होऊ शकतात. तेवढ्यावर ८०० वॅटची पेटी जेमतेम ४९० वॅटची उरते. चकती ११० वर, आतला काटा नव्वदीच्या अलीकडे, आणि तुम्ही पेटीच्या कंपनीला नावं ठेवताय. कंपनीचा काही दोष नाही. शेजारच्या हरभऱ्याला पाणी चाललंय एवढंच. स्टॅबिलायझर लावायचा तर पेटीचे वॅट पेलणारा घ्या. आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकायची जी जुनी सवय आहे ती सोडू नका. ओल्या, खाऱ्या हाताने लोखंडी दार धरायचंय.

पायरी दुसरी: दारावरच्या काट्याचं ऐकू नका. तो दारापाशी किती ऊन आहे ते सांगतो. कोंबडी दारावर टांगलेली नसते. कॉइलच्या बाजूला एक, मागे एक, वर एक अशा तीन जागी मोजलं तर तीन वेगळे आकडे येतात. दोन तारांचा चांगला थर्मामीटर घ्या आणि एका तारेचं टोक जाळीवर, मांसाच्या शेजारी पण त्याला न टेकता ठेवा. दुसऱ्या तारेचं टोक मांसात खुपसा. थर्मामीटर खरा की खोटा हे उकळत्या पाण्यात बुडवून कळतं. तिथे ९८ च्या आसपास आकडा आला तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. आपला जिल्हा समुद्रापासून साधारण पाचशे मीटर उंच आहे, इथे पाणी शंभराच्या थोडं आधीच उकळतं.

पायरी तिसरी, आणि ही सावकाश वाचावी. स्वस्त पेटीतला थर्मोस्टॅट फक्त चालू किंवा बंद एवढंच जाणतो. ११० ठरवले तर तो ११० ला कॉइल बंद करतो, पण लाल झालेलं कॉइल लगेच निवत नाही, म्हणून काटा पुढे सरकत जातो. मग खाली येतो, आणि कॉइल पुन्हा तापेपर्यंत आणखी खाली. दिवसभर हा झोका चालतो. यावर उपाय म्हणून हौशी लोक पीआयडी नावाचा कंट्रोलर बसवतात. तो तीन गोष्टी पाहतो: आत्ता ठरवलेल्या आकड्यापासून आपण किती लांब आहोत, किती वेळापासून लांब आहोत, आणि किती झपाट्याने जवळ येत आहोत. या तिन्हींचा मेळ घालून कॉइलला थोडी थोडी वीज देतो. आकडा जवळ यायला लागला की पोहोचायच्या आधीच हात आखडता घेतो.

चुलीपुढे बसलेल्या कुठल्याही मामीला हे वाचून दाखवा. ती म्हणेल, यात नवीन काय? दूध तापतंय किती, कधीपासून तापतंय, आणि आता कसं चढायला लागलंय, हे पाहूनच ती लाकूड मागे ओढते, आणि दूध वर यायच्या आधी ओढते. फरक एवढाच की मामीला सोडून जाता येत नाही आणि कंट्रोलरला सोडून जाता येतं. तेही पूर्ण नाही. कंट्रोलरच्या पुढे जो सॉलिड स्टेट रिले असतो तो बिघडला की बहुधा चालू अवस्थेतच अडकतो, म्हणजे कॉइल पेटलेलंच राहतं. त्यासाठी ठरावीक उष्णतेला लाइन तोडणारा वेगळा कटऑफ हवाच. रिलेला अ‍ॅल्युमिनियमची पंखदार पट्टी हवी, आणि हे सगळं जोडायला जाणता वायरमन हवा. मोटारीचा स्टार्टर दुरुस्त करणारा गावातला पोरगा हे काम करील, पण त्याला कोंबडीचं जेवण आधी कबूल करू नका, नंतर करा.

कंट्रोलरवर पैसे घालायचे नसतील तर विटा घाला. पेटीच्या तळाशी, कॉइल आणि तारा सोडून, दोन कोरड्या विटा किंवा वाळूचं ताट ठेवलं की काट्याचा झोका लहान होतो. तापलेली वीट वीज नसतानाही ऊब सोडत राहते. पुस्तकात पाण्याचं ताट ठेवायला सांगितलंय. पाणी ठेवल्याने मांस कोरडं पडत नाही, ओलसर मांसाला धूरही बरा चिकटतो, हे खरं. पण एक लिटर पाण्याची वाफ व्हायला ८०० वॅटच्या कॉइलची पाऊण तासाची सगळी कमाई जाते. १८० व्होल्टवर सव्वा तासाहून जास्त. माझं मत विचाराल तर रब्बीत वाळू, पावसाळ्यात पाणी, तेही वाटीभर.

पायरी चौथी: दार उघडू नका. ही पायरी यंत्राची नाही, समाजाची आहे. पेटी अंगणात लावली की माणसं जमतात. भाऊ येतात, काकाजी येतात, समोरच्या मावशी येतात. "काऊन बापा, शिजलं का नाही अजून? उघडून पाह्य ना!" असं प्रत्येकजण एकदा म्हणतो, आणि वडीलधाऱ्यांना नाही म्हणता येत नाही. दार उघडलं की आतली गरम हवा सगळी निघून जाते. आत विटा असतील तर काटा काही मिनिटांत सावरतो. नसतील तर पाहुण्यांच्या संख्येवरून कोंबडीची वेळ काढावी. काच बसवलेल्या दाराची पेटी यावरचा खरा उपाय वाटतो. पण काच पहिल्याच दिवशी धुराने काळी होते.

पायरी पाचवी: धूर. बाभूळ, आंबा, पेरू यांच्या वाळलेल्या ढलप्या वापरा. रंग दिलेलं लाकूड, प्लायवुड, रॉकेल लागलेलं काहीही नको. पांढरा, दाट, डोळ्यांत जाणारा धूर मांस कडू करतो. पातळ, निळसर धूर हवा. ढलप्या भिजवून ठेवण्याने धूर वाढत नाही, फक्त उशिरा येतो.

पुस्तकात नसलेली अडचण इथे येते. वैशाखात बाहेर सावलीतच ४२-४३ अंश असतात. पेटी ११० वर टिकवायला कॉइलला फार मेहनत करावी लागत नाही, ते बराच वेळ बंदच राहतं. आणि ढलप्या कॉइलच्या धगीवरच धुमसतात. म्हणजे ऊन जितकं कडक, तितका धूर कमी. लोक मग चकती वाढवतात, आणि धूर येतो तेव्हा कोंबडी वाळलेली असते. त्यापेक्षा धुराचा बंदोबस्त वेगळा करा: लोखंडी वाटीत पेटता कोळसा, त्यावर ढलप्या, आणि ती वाटी आत. घरी वरणाला किंवा भरताला तुपाचा धुंगार देतात, त्याचाच हा थोरला प्रकार. हे सगळं उघड्या अंगणात, कधीही बंद खोलीत नाही. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

मासे किंवा चीज नुसत्या गार धुरावर ठेवायचे असतील तर पेटीच्या आत ३० अंशांच्या खाली राहावं लागतं. वैशाखात केनवडात दिवसा पेटीच्या बाहेरही काटा ३० च्या खाली येत नाही. हा प्रकार पौषातल्या पहाटेसाठी राखून ठेवा.

पायरी सहावी: लाइन गेली. जाईल. दार बंद ठेवा, वरून जुनी गोधडी टाका, पण आधी कोळशाची वाटी बाहेर काढा आणि पिन उपसा. घड्याळ पाहा. कोंबडीच्या आतला काटा ७४ च्या पुढे गेला असेल तर जेवायला बसा. ६० च्या खाली असेल आणि दोन तासांत लाइन आली नाही, तर धुराचा नाद सोडून तिचा गॅसवर रस्सा करा. ६० च्या खालची कोमट कोंबडी तासन्तास ठेवून मग पुन्हा तापवणं हा पाहुण्यांना आजारी पाडण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

एवढं जमलं की नवशिक्याला हटकून एक कल्पना सुचते: यात रोडगे होतील का? आकडे ठरवता येतात, धूर आहे, विटा आहेत. मग गोवऱ्या कशाला?

रोडग्याची भट्टी नीट पाहिली तर पेटीतलं प्रत्येक यंत्र तिथे आधीपासून आहे. जळण निवडण्यापासून आच ठरते. पऱ्हाटी आणि तुराटी भडकून संपतात, त्या फक्त पेटवण्यापुरत्या. बाभळीचा निखारा कडक, तो रोडगा वरून करपवतो आणि आत कच्चा ठेवतो. गोवरी सावकाश जळते आणि सगळीकडे सारखी. म्हणून गोवऱ्या. रचून पेटवल्या की जाळ बसेपर्यंत कोणी जवळ जात नाही. वर राख धरली की रोडगे आधी कडेला मांडतात, फिरवून फिरवून कवच धरू देतात, मग निखाऱ्यात सारतात आणि वरून गरम राख ओढतात. कंट्रोलर ती राखच. थर जाड केला की निखाऱ्याला हवा कमी मिळते, ऊबही आत कोंडली जाते, आच मंद आणि लांबट होते. काठीने थर सारला की निखारा फुलतो. जाडसर कणकेचे, तेल लावून पदर घातलेले रोडगे आतून शिजायला वेळ घेतात, तो वेळ ही राख देते. व्होल्टेज कितीही असो.

हे सगळं करणाऱ्या माणसाला किती अंशांवर रोडगा भाजतोस असं विचारू नका. एकनाथांच्या भारुडातली सून सासरच्या एकेकाचा काटा काढावा म्हणून भवानीला रोडगा कबूल करते. तीही अंशांचं काही बोलत नाही.

तरी हट्ट असेल तर पेटीत होणारा रोडगा कसा असेल तेही सांगतो. ११० अंशांवर कवच धरणार नाही, नुसता पांढरा, जड गोळा वाळेल. बहुतेक पेट्या १३५ च्या आसपास थांबतात, तिथेही रंग फिकाच. रोडग्याला चोहोबाजूंनी निखाऱ्याची थेट धग लागते, आणि पेटीत असते फक्त गरम हवा. वांगी मात्र धुरावर ठेवा, मऊ पडली की शेवटी साल जाळावर करपवा. भरीत चांगलं होतं.

पण हे तांत्रिक कारण सांगून घरात वाद घालण्याची गरज नाही. रोडगे बहुधा नवसाचे असतात, मारुतीचे किंवा महादेवाचे. कोंबडी शिजलेल्या पेटीत ते कोणी ठेवू देणार नाही. रोडगे गोवऱ्यांवर, कोंबडी पेटीत, आणि दोन्ही वेगवेगळ्या वारी.