नाशिकचे शिसलेख : ‘दुनियादारी’च्या समासातील वाचकमतांचा पाठचिकित्सक अभ्यास

मोकळ्या जागेवर लिहिण्याची नाशिककरांची परंपरा निदान अठराशे वर्षांची आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी, गौतमी बलश्रीने पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात आपल्या दिवंगत मुलाबद्दलचे मत कोरून घेतले. मुलगा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. इतिहासाच्या पेपरात या लेखातले शक, यवन, पल्हव तेवढे विचारतात. आमचे लक्ष त्याआधीच्या मजकुराकडे आहे. त्याचे मुख सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळासारखे, चाल हत्तीसारखी डौलदार, बाहू नागासारखे लांब आणि पुष्ट, आणि एवढे सगळे असून तो आईची सेवा निमूट करणारा. प्रेमकादंबरीच्या नायकाचे नाशकात लिहिले गेलेले हे पहिले वर्णन होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नायिका त्यात नाही, कारण लेखाचा खर्च आईने केला होता.

दगडानंतर कागद आला. नाशिक रोडच्या छापखान्यातून १९२८पासून नोटा बाहेर पडतात. प्रत्येक नोटेवर जलचिन्हासाठी एक पांढरी खिडकी सोडलेली असते, आणि देशभरातले प्रेमिक तिच्यात नावे व दुकानदार बेरजा लिहून ती नोट चलनातून बाद होण्याच्या लायकीची करतात. लिहू नका, असे रिझर्व्ह बँक विनवत असते. शिलालेख आणि नोटा या दोन्ही विषयांत विद्वान पुष्कळ आहेत. तिसरा प्रकार मात्र अनाथ राहिला. वाचनालयातून आणलेल्या प्रेमकादंबरीच्या समासात शिसपेन्सिलीने लिहिलेले वाचकाचे मत, हा तो प्रकार. त्याला आम्ही ‘शिसलेख’ म्हणतो. या शहरातले सार्वजनिक वाचनालय १८४०चे आहे. म्हणजे शिसलेखांना येथे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ संधी होती, आणि मिळालेली संधी नाशिककर सोडत नाही.

अभ्यासासाठी सुहास शिरवळकरांची (१९४८–२००३) ‘दुनियादारी’ निवडली. कादंबरी १९८२ची, पुण्यातले कॉलेज, कट्टा, दिग्या आणि त्याची टोळी, शिरीन, मिनू, आणि यांच्यामध्ये सापडलेला श्रेयस. समीक्षकांनी तिच्यावर लिहायचे तेवढे लिहिले नाही. ते काम वाचकांनी केले, आणि तेही तिच्यातच बसून केले. अभ्यासलेल्या दोन प्रती कोणत्या वाचनालयांच्या, हे सांगणार नाही. सांगितले तर खोडरबर घेऊन कोणीतरी तिकडे जाईल आणि साधनसामग्री नष्ट होईल.

पद्धत मात्र नामांकित आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली आरंभले आणि १९६६ साली पुरे केले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेल्या शिस्तीत प्रतींची उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची अशी दोन मुख्य कुळे होतात, आणि दाक्षिणात्य पाठ सहसा अधिक पसरट असतो. नाशकात ही विभागणी गोदावरीने आयतीच करून ठेवली आहे. पंचवटीच्या अंगाची प्रत ती उत्तरेची, कॉलेज रोड–गंगापूर रोडच्या अंगाची ती दक्षिणेची. आणि येथेही दाक्षिणात्य पाठच पसरट निघाला. कॉलेजे त्या बाजूला आहेत, हे एक कारण. दुसरे असे की, त्या बाजूच्या वाचकाला श्रेयसची अडचण स्वतःची वाटते आणि स्वतःच्या अडचणीवर माणूस थोडक्यात लिहीत नाही.

उत्तर पाठ त्रोटक आहे. श्रेयस घुटमळतो त्या पानावर एकच शेरा आढळतो : ‘भो, सांगून टाक ना तिला.’ शेरा लिहिणारा उत्तर महाराष्ट्रातला असल्याचा याहून वेगळा पुरावा नको. त्याखाली वेगळ्या, किंचित थरथरत्या हातात : ‘घरी सांगितलं का?’ हा दुसरा हात पुढेही बराच फिरतो आणि प्रत्येक प्रेमप्रसंगी तेवढेच विचारतो. शिरीन असो वा मिनू, कट्टा असो वा कॉलेज, प्रश्न बदलत नाही. गौतमी बलश्रीपासून येथवर एक सलग धागा आहे, असे आम्ही म्हटले असता एका स्नेह्यांनी तो धागा कुठल्या दुकानातून आणला, असे विचारले. विद्वानांना अशी माणसे भेटायचीच.

आता मुख्य आणि वादग्रस्त प्रकरण. लोकप्रिय पुस्तक खिळखिळे झाले की ते बाइंडिंगला जाते. बाइंडिंगवाला नवे पुठ्ठे चढवण्याआधी कडा समान करण्यासाठी पुस्तक कटिंग मशीनखाली धरतो, आणि मग वाचकाच्या मताचे काय होते, हे आजवर एकाही साहित्यसंमेलनाने विचारलेले नाही. खुद्द नाशकात २००५ साली संमेलन झाले, २०२१ साली पुन्हा झाले. दोन्ही वेळा हा विषय पत्रिकेवर नव्हता. होते ते असे : उजव्या, म्हणजे विषम पानाचा बाहेरचा समास उजवीकडे असतो, म्हणून तेथे ओळीची अखेर कापली जाते. डाव्या पानावर ओळीचा आरंभ जातो. परिणामी विषम पानांवर फक्त माणसे उरतात आणि सम पानांवर फक्त त्यांची कृत्ये. डावीकडे ‘—ला लाज वाटायला हवी’. कोणाला, ते गेले. उजवीकडे ‘श्रेयस म्हणजे निव्वळ—’. काय, ते गेले.

या गेलेल्या शब्दावर आम्ही पुष्कळ श्रम घेतले आहेत. बाइंडिंगवाल्याने विचारल्यावर सांगितले की, एका वेळी तीन सुतांपेक्षा जास्त तो कापत नाही. आठ सुतांचा इंच. म्हणजे गेलेला कागद साधारण साडेनऊ मिलिमीटर. शेरा लिहिणाऱ्याच्या हाताचे एक अक्षर, मधल्या जागेसह, चार-साडेचार मिलिमीटर भरते. तेव्हा हरवलेला शब्द दोन अक्षरांहून मोठा असू शकत नाही. ‘द्विधाचित्त’, ‘गोंधळलेला’, ‘हळवा’, ‘गाढव’ हे पाठ येथेच बाद होतात, त्यांतला शेवटचा जड मनाने. उरतात दोन : ‘ढ’ आणि ‘बैल’. कापलेल्या कडेशी शिरोरेषेच्या वर एक तिरका पुसट फराटा दिसतो. तो ‘बै’च्या मात्रांपैकी एकीचा अवशेष मानला, तर प्रश्न सुटतो. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, तो फराटा शिशाचा नसून हळदीचा आहे. हळदीचा मुद्दा पुढे येईल; तोवर ‘बैल’ हा पाठ प्रश्नचिन्हासह स्वीकारावा.

कोणी विचारील, असल्या शेऱ्यांना समीक्षा म्हणायचे का? त्याआधी दुसऱ्या बाजूची समीक्षा काय करत होती, ते पाहू. मराठी प्रेमकादंबरी घरोघरी नेणारे ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवत. कादंबरी कशी रचावी, याचे ‘प्रतिभासाधन’ हे पुस्तकही त्यांनी लिहिले. त्यांचा पक्ष कलेसाठी कला, वि. स. खांडेकरांचा जीवनासाठी कला. दोघांची हयातीतली पुष्कळ वर्षे एकाच कोल्हापुरात गेली आणि मराठीचे प्राध्यापक पुढे कित्येक वर्षे त्या वादावर प्रश्नपत्रिका काढत राहिले. समासातल्या वाचकाने हा प्रश्न एका ओळीत निकालात काढला आहे. दाक्षिणात्य प्रतीच्या मुखपृष्ठाच्या आत तो लिहितो : ‘परीक्षेच्या आदल्या रात्री वाचू नये.’ कला कशासाठी, हे त्याला ठाऊक नाही. कधी नको, हे पक्के ठाऊक आहे. आमच्या मते ही अधिक उपयुक्त भूमिका आहे.

शिवाय वाचकाच्या मताला कमी लेखू नये, ते फार वर जाऊ शकते. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ साली ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली. एका वाचकाला ती अश्लील वाटली. त्याने समासात न लिहिता कोर्टात फिर्याद केली. खालच्या कोर्टात आरोपी सुटले, उच्च न्यायालयात पंचवीस रुपये दंड झाला, आणि २५ ऑगस्ट १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोही रद्द केला. म्हणजे एका प्रेमकथेबद्दल देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने वाचकमत दिले. किशोरवयीन वाचक ती वाचून बिघडतील का, हे त्यांनी तपासले आणि तसे वाटत नाही, असे ठरवले. प्रस्तुत लेखकाच्या वर्गीकरणात हा निकाल ‘अतिविस्तृत शिसलेख’ या सदरात मोडतो. फक्त तो छापील आहे, आणि कुठल्याही बाइंडिंगवाल्याला तीन सूत कापता येत नाही.

लाल शाईच्या हाताकडे वळणे भाग आहे, पण थोडक्यात वळू. प्रत्येक प्रतीत एक निवृत्त शिक्षक असतोच. ते मत देत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतात. आमच्या दाक्षिणात्य प्रतीत त्यांनी कादंबरीतले मुद्रणदोष सुधारून झाल्यावर समासातल्या शेऱ्यांचेही शुद्धलेखन तपासले आहे. एका विद्यार्थ्याने मिनूविषयी लिहिलेल्या अत्यंत खाजगी वाक्यातली वेलांटी त्यांनी पहिलीची दुसरी केली असून, वाक्याच्या आशयावर अवाक्षर काढलेले नाही. संपादक असावा तर असा.

२०१३ साली संजय जाधवांचा चित्रपट आला आणि शेऱ्यांचा एक नवा थर जमला. उत्खननात जसे राख-कोळशाच्या पट्ट्यावरून जळिताचा काळ ओळखतात, तसे ‘यापेक्षा पिक्चर भारी’ या शेऱ्यावरून त्यावरचा थर ओळखता येतो. लगेच त्याखाली जुन्या वाचकाचे ‘पुस्तकच भारी’, आणि त्याखाली तिसऱ्याचे ‘दोघंही घरी जा’. या थरात ‘घरी सांगितलं का?’ विचारणारा थरथरता हात मात्र कुठे दिसत नाही.

आता हळद. या शहरात चिवडा खात वाचणे हा वाचनाचा सामान्य प्रकार आहे, अपवाद नव्हे. चिवड्याचे पिवळे तेल बोटाला लागते, बोट पान उलटते, आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यावर डाग उमटतो. दोन्ही प्रतींत हे डाग आरंभी दाट, पुढे विरळ आणि शेवटच्या भागात जवळजवळ नाहीसे होतात. हात चिवड्याकडे जायचा थांबला होता. आम्ही हे डाग शेऱ्यांच्या शेजारी मांडून पाहिले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. शेरेही नेमके तेथेच संपतात. सुरुवातीला श्रेयसला बैल (?) ठरवणारे, दिग्याला शाबासकी देणारे, पुढच्याला ‘पान उलटू नकोस, रडशील’ असा इशारा देणारे, हे सगळे हात पुस्तक अर्ध्यावर गेल्यावर एकेक करून गप्प होतात. शेवटच्या शंभरेक पानांचे समास कोरे आहेत. पेन्सिल खाली ठेवली गेली, वाटी बाजूला सरकली, आणि लाल शाईच्या गुरुजींनाही तेथल्या दोन ढळढळीत चुका दिसलेल्या नाहीत. शिरवळकरांच्या कादंबरीवर नाशिककरांचे मत काय, याचे उत्तर हवे असेल, तर आम्ही ही शंभर पाने दाखवू. तेवढे एकमत या शहरात दुसऱ्या कशावर झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

एक विधिविषयक बाब राहिली. दोन्ही प्रतींत पहिल्या पानावर ‘पुस्तकावर काहीही लिहू नये’ असा शिक्का आहे. उत्तरेकडच्या प्रतीत त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने विचारले आहे : ‘मग मत कुठे द्यायचं?’ त्याला ग्रंथपालांनी शाईने, सहीनिशी, उत्तर दिले आहे : ‘अभिप्राय वहीत.’ शास्त्रीय पूर्णतेसाठी आम्ही ती वहीही मागून घेतली. काउंटरवर दोरीने बांधलेली असल्यामुळे ती उभ्याने वाचावी लागली. पंखा आवाज करतो. पाण्याच्या पिंपाला तोटी बसवावी. रविवारची पुरवणी कोणीतरी घरी नेते, ते कोण, हे सर्वांना माहीत आहे. दिवाळी अंक एका वेळी दोन मिळावेत. वाङ्मयविषयक नोंद संपूर्ण वहीत एकच निघाली, सुवाच्य बाईअक्षरात :

‘‘दुनियादारी’ मागितली असता नवी प्रत देण्यात आली. तिच्या समासात काहीच नाही. कृपया जुनी मिळावी.’