पाहुण्यांचे कप

माईंच्या घरी आपली पत काय आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. चहा कोणत्या कपातून आला ते बघावं. फुलाफुलांचा, कान शाबूत असलेला कप आला तर आपण पाहुणे. टवका उडालेला आला तर आपण घरचे, आणि खरा मान यातच आहे असं माईंचं म्हणणं. मला कित्येक वर्षं टवक्याचा मान आहे. कान तुटला म्हणून कप मोडीत निघत नाही, त्याची फक्त बदली होते: एक विरजणाला, एक तांदूळ मापायला, एक गॅलरीत ओव्याच्या रोपाला. जोडीदार गमावलेल्या बश्या दुधाच्या पातेल्यांवर झाकण म्हणून उरलेलं आयुष्य काढतात. शिवाय मोरीच्या खिडकीत एक कप वेगळा असतो, कामाला येणाऱ्या बाईंचा. त्याच्याबद्दल माई बोलत नाहीत, आणि मलाही त्यावर विनोद सुचत नाही.

या सगळ्यांच्या वर, शोकेसच्या मधल्या कप्प्यात, लोकरीचा कुत्रा आणि संगमरवरी ताजमहाल यांच्या मध्ये, ‘सेट’ आहे. बोनचायनाचा, पांढराशुभ्र, सोनेरी काठाचा. तात्या ऑफिसच्या कामानं कलकत्त्याला गेले होते तेव्हा ट्रंकेत, धोतरांच्या घड्यांत गुंडाळून त्यांनी तो आणला. हावडा मेलमध्ये तात्या स्वतः उकिडवे बसले, पण ट्रंकेला पाय लागू दिला नाही, हे माई सांगतात. नागपूरला गाडीला बसलेला हिसका तर दर सांगण्यात वाढत चालला आहे. मागच्या खेपेला वरच्या बर्थवरचा माणूस खाली आला होता. “पण एक टवका उडाला नाही हो!” इथं तात्या बशीत चहा ओततात आणि जोरात फुरका मारतात. बशी अर्थात घरची.

सेटमध्ये किटली, दुधाचं भांडं आणि साखरेचं भांडं अशी तीन माणसं जास्तीची आहेत. आपला चहा म्हणजे आलं, साखर, पावडर, दूध सगळं एकाच पातेल्यात उकळायचं आणि गाळायचं. मग यांनी करायचं काय? दुधाच्या भांड्यात गॅसची पावती आणि सेफ्टी पिना असतात. साखरेच्या भांड्यात लेकीचा पहिला पडलेला दात. किटलीत भिशीचे पैसे. चोराला किटलीत बघायचं सुचणारच नाही, असं माईंनी सगळ्या सोसायटीला सांगून ठेवलं आहे.

दिवाळीच्या आधी सेट खाली उतरतो. हॉलमध्ये जुनी गोधडी अंथरली जाते, पोरं शेजाऱ्यांकडे पाठवली जातात, पंखा बंद होतो. पंख्याचं काय, म्हणून विचारलं तर “वारा लागतो” असं उत्तर येतं. कोणाला, ते कळत नाही. कोमट पाणी, रिठ्याचा फेस, जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा. प्रत्येक कप पुसून झाला की माई तो खिडकीच्या उजेडासमोर धरतात आणि मागं बोटं नेतात. बोटांची सावली आरपार दिसली की समाधान. मग नखानं एक टिचकी. तो बारीक, लांबत जाणारा टण्ण ऐकताना माईंच्या चेहऱ्यावर जे येतं, ते काकड आरतीलाही येत नाही.

बोनचायना दिसतं तेवढं नाजूक नसतं, चांगलं चिवट असतं, म्हणून तर मोठ्या हॉटेलांत ते रोज वापरतात, असं मी एकदा सुचवून पाहिलं. “हॉटेलात शोकेस नसते,” माई म्हणाल्या.

सेटवर खरं संकट आलं ते आतून. भाचा इंजिनिअरिंगला होता, सुटीत आला होता. “आत्या, यात जवळजवळ निम्मी हाडांची राख असते. गुरांच्या,” तो म्हणाला. वर अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात स्टोकच्या जोसाया स्पोडनं ही कृती कशी बसवली, राखेत केओलिन मिसळून बाराशे अंशांपुढे कसं भाजतात, हेही त्यानं सांगितलं. चातुर्मास चालू होता. घरात कांदा-लसूण बंद होतं. तात्यांचा फुरका अर्ध्यावर थांबला.

पुण्याला हे नवीन नाही. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांचा चहा झाला म्हणून रानडे-टिळकांसकट कितीजणांवर ग्रामण्य आलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. कप नुसता हातात घेतला, प्यायलो नाही, अशी बाजूही तेव्हा मांडली गेली. माईंना इतकंही करावं लागलं नाही. त्यांनी क्षणभर शोकेसकडे पाहिलं. “बाराशे अंश म्हणालास ना? मग अग्नीनं शुद्ध झालं. आणि आपण कुठे त्यातून पितो!”

खरंच कुणी प्यायलेलं नव्हतं. साहेब आले तेव्हा “ते काय, घाईत होते.” अमेरिकेहून दीर आले तेव्हा “घरचाच माणूस.” नगरसेवक आले तर “निवडून आल्यावर बघू,” आणि ते पडले.

शेवटी लेकीला बघायला मंडळी यायची ठरली. आदल्या रात्री किटलीतले पैसे उशीखाली गेले, दात देव्हाऱ्यात गेला. कांदेपोहे झाले आणि ट्रे बाहेर आला. मुलाच्या आईनं चहा संपवला, बशी उचलली आणि सगळ्यांच्या देखत उलटी करून खालचा शिक्का वाचला. मग कपाला नखानं हलकेच टिचकी मारली. हॉलमध्ये टण्ण झालं. मुलाच्या पगारावर चाललेलं बोलणं थांबलं.

“माझ्याकडेही आहे असा,” त्या म्हणाल्या. “पण मी नाही हो काढत.”

माईंचा चेहरा पडला असेल म्हणून मी बघितलं, तर त्या खुर्ची ओढून त्यांच्याजवळ सरकल्या होत्या. पुढचा तासभर रिठा की बेसन, कप उपडे ठेवावेत की सुलटे, सोनेरी काठ कशानं जातो, यावर दोघी बोलत होत्या. मुलगा आणि मुलगी एकमेकांशी काय बोलली, याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पंधरवड्यानं माई तिकडे जाऊन आल्या. जिन्यातच मी विचारलं, “कशात दिला चहा?”

“स्टीलच्या पेल्यात,” चपला काढता काढता माई म्हणाल्या. “माणसं चांगली आहेत. होकार कळवून टाकू.”