आवक-जावक अण्णा

बीड जिल्ह्यात तालुके अकरा. त्यांतल्या आमच्या तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या जिन्याखालच्या खोलीत, मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आहे आणि त्या केंद्रात अण्णा आहेत. यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं हे विद्यापीठ १९८९ साली नाशकात निघालं ते ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं त्यांच्यासाठी. कंडक्टर, होमगार्ड, लग्न होऊन आलेल्या बाया, शेतात राबणारी पोरं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. आमच्याकडे मात्र गंगेलाही आधी अण्णांच्या आवक रजिस्टरात नंबर घ्यावा लागतो. नंबर नाही तर गंगा आलीच नाही.

मी तिथला समंत्रक. दर रविवारी जाऊन मराठी शिकवतो. अण्णा केंद्र सहायक, मानधनावर. मानधनावरच्या माणसाला रजा नाही, पेन्शन नाही, बदली नाही, बढती तर नाहीच. तरी अण्णांच्या टेबलावर दोन पुस्तकं कायम असतात. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ आणि (वर्तणूक) नियम, १९७९. जिल्हा परिषदेतून रिटायर झालेल्या मेहुण्याकडून वारशानं आलेली. त्यांतलं एकही कलम अण्णांना लागू नाही. लागू असणारे लोक ती पुस्तकं उघडत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

सरकारी माणसाला वर्षाला आठ किरकोळ रजा. म्हणून अण्णांनाही आठ. कुणी दिल्या? अण्णांनीच. अर्ज अण्णा लिहितात, 'मार्फत' पुढे स्वतःचंच नाव घालतात, मग खुर्ची बदलून खिडकीजवळ बसतात आणि 'मंजूर' असा शेरा मारतात. खुर्ची बदलणं महत्त्वाचं. अर्जदार आणि मंजूर करणारा एकाच खुर्चीत बसला तर ऑडिटला काय सांगायचं?

एकदा एसटी मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडली. अण्णा वीस मिनिटं उशिरा आले. आल्या आल्या हजेरीपटावर लाल पेनानं 'उशीर' लिहिलं, स्वतःला कारणे दाखवा नोटीस काढली, पोच घेतली आणि तिसऱ्या दिवशी तिकीट जोडून खुलासा सादर केला. मी म्हणालो, "अण्णा, खुलासा मान्य झाला का?"

"प्रकरण विचाराधीन आहे," अण्णा म्हणाले.

वर्तणूक नियमांत भेटवस्तूंविषयी लिहिलेलं आहे. धारूरकडचा एक विद्यार्थी बी.ए. झाला आणि बालाघाटातल्या सीताफळांची पाटी घेऊन आला. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनाचं अण्णांना काय? आवक रजिस्टरात नोंद झाली: 'सीताफळे, नग ११, पैकी पिकलेली ४.' मग ती आम्हा सगळ्यांत वाटली आणि जावक रजिस्टरात नोंद झाली: 'नग ११. शिल्लक निरंक.' बिया टाकायला मी उठलो तर म्हणाले, "थांबा सर, शेरा राहिलाय."

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. अण्णांनी परिपत्रक टाचणीनं भिंतीला लावलं. आमच्या केंद्राचा खरा वार रविवार. तेव्हा अण्णा रविवारी येतात आणि त्याबद्दल स्वतःच्या नावे बदली सुट्टी जमा करतात. आजवर किती साठल्यात विचारलं तर रजिस्टर छातीशी धरून नुसतं हसतात, सावकारासारखं.

मला कोडं होतं ते किरकोळ रजांचं. माणूस रोज हजर, आणि आठांपैकी सहा रजा दरसाल मार्च-एप्रिलमध्ये खर्ची पडलेल्या. उरलेल्या दोन ठरलेल्या. एक मेहुण्याच्या गावच्या जत्रेची, एक परळीला वैजनाथाच्या दर्शनाची, श्रावणी सोमवारी.

दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात. कोयते ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मागं लेकरं. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत माघारी येणं नाही. मुकादमाची उचल फिटायची असते. आणि गृहपाठ जमा करायची शेवटची तारीख नेमकी त्याच्या अलीकडे.

एका वर्षी एप्रिलात एक पोरगी आली. तारीख उलटून आठ दिवस झालेले. वहीत खुणेला उसाचं पाचट घातलेलं. अण्णा गरजले, "मुदत म्हणजे मुदत! शासन काय तुझ्या ट्रॅक्टरची वाट बघत बसंल का?" मी मध्ये पडलो तर म्हणाले, "सर, तुम्ही समंत्रक. मंत्र तुमच्याकडं, तंत्र माझ्याकडं. तुम्ही चहा घेऊन या."

चष्मा विसरलो म्हणून अर्ध्या वाटेतून परतलो. अण्णांनी रजिस्टरचं मागचं पान उघडलं होतं. शेवटच्या तारखेखाली सहा ओळी दिसत होत्या. सुरुवातीला कोऱ्या ठेवलेल्या, आता सहाही भरलेल्या, वेगवेगळ्या शाईच्या. अण्णांनी पोरीकडे पाहिलं, ओळींकडे पाहिलं. २१७ च्या खाली बारीक अक्षरात '२१७ अ' लिहिलं. तारखेच्या शिक्क्याची चाकं अंगठ्याच्या नखानं आठ दिवस मागं फिरवली, शिक्क्यावर हा करून फुंकर मारली आणि पोच दिली.

"ह्या सहा ओळी कोऱ्या कामून ठेवता?" मी विचारलं.

"शाई वाळायला जागा लागती," अण्णा म्हणाले, आणि रजेचं रजिस्टर ओढून त्यात काहीतरी खोडलं.

श्रावणात सोमवारी परीक्षेच्या कामासाठी गेलो तर अण्णा खिडकीत. कपाळाला भस्म, समोर फराळाच्या शेंगदाण्यांची पुडी.

"अण्णा, परळीला नाही गेलात?"

"रजा शिल्लक नाही," अण्णा म्हणाले.