साहेबांचा फोन, रात्री साडेनऊच्या आत

मौद्याचं एनटीपीसीचं केंद्र 2320 मेगावॅटचं. पाचशेचे दोन संच, सहाशे साठचे दोन. एवढी वीज उशाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाला एका मेसेजने घाम फुटतो : "मागील महिन्याचं बिल अपडेट नाही. आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल. ताबडतोब अधिकाऱ्यांना फोन करा." खाली कुणाचा तरी मोबाइल नंबर. 2022 साली हा मेसेज महाराष्ट्रभर फिरला. महावितरण घसा कोरडा करून सांगत होतं, खासगी नंबरावरून आम्ही मेसेज पाठवत नाही. पण त्यांचं ऐकतो कोण? ते तर खरे!

साडेनऊची वेळ ज्याने शोधली त्याला सलाम. ऑफिस बंद, पोरगा पुण्याला, बाहेर उकाडा आणि हातात तासभर. गेलेली वीज जोडायला रात्री खांबावर कोणी चढत नाही, कापायला कोण चढेल? हे सुचतं, पण दुसऱ्या दिवशी.

"वीज मंडळातून बोलतोय." मंडळाच्या 2005 मध्येच कंपन्या झाल्या, आपल्या भीतीत मात्र ते शाबूत आहे.

"बिल तर भरलं ना जी मी!"

"भरलं असेल काका. घाबरू नका, मी आहे ना. एक ॲप टाका आणि फक्त दहा रुपये भरा."

साहेब, आणि मागतो दहा रुपये! संशय इथेच यायला हवा होता. त्या ॲपमधून आपला स्क्रीन त्याला दिसतो. दहा रुपयांसाठी दाबलेला पिन तो बघतो आणि खातं धुऊन नेतो.

त्याने आपल्याला नवीन काही शिकवलं नाही. सातबारा असो की पीककर्ज, खिडकीपलीकडचा म्हणेल ती झेरॉक्स द्यायची, कशाला ते विचारायचं नाही. विचारलं तर उद्या यायचं. पिढ्यान्‌पिढ्या नांगरून ठेवलेलं हे वावर त्याला आयतं मिळालं. शिवाय 'मी आहे ना' असं त्या खिडकीतून कधी कोणी म्हणालं नव्हतं.

मौद्याने एकट्याने लाजू नये. 1961 साली अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅमने प्रयोग मांडला. पलीकडच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की त्याला विजेचा झटका द्यायचा. तो भिंत बडवत होता आणि करड्या कोटातला साहेब शांतपणे 'चालू ठेवा' म्हणत होता. 40 पैकी 26 जण 450 व्होल्टपर्यंत गेले. झटके खोटे होते. म्हणजे तिथेही खोट्याच विजेने माणसं वाकवली.

आता वर्दीतला साहेब व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करतो. अशी अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांना 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये सांगावं लागलं. या साहेबाची पहिली अट असते, घरात कुणाला सांगायचं नाही. कारण शेजारी येऊन "काहून बे, कोन साहेब?" एवढं जरी म्हणाला, तरी अटक सुटते.

पैसे गेल्यावर फिरवायचा नंबर 1930. पण काका नेटवर बँकेचं 'कस्टमर केअर' शोधतात आणि सगळ्यात वर दिसतो तो नंबर लावतात. पहिल्याच रिंगला फोन उचलला जातो. हे साहेब तर आधीच्याहून प्रेमळ. म्हणतात, "काका, सगळे पैसे परत मिळतील. आधी एक ॲप टाका."