वरच्या अंगणाचं पाणी

कोकणात घर बांधायला पैसे लागतात. अंगण करायला मात्र शेजारी लागतात, आणि तेही उताराच्या खालच्या अंगाला. घराच्या चार भिंती आपल्या मालकीच्या. अंगणावर मात्र आषाढ, कातळ, माड, ग्रामपंचायत आणि खालच्या घरातले अण्णा यांचा सामायिक हक्क असतो. सातबाऱ्यावर यांतल्या एकाचंही नाव सापडत नाही, एवढंच.

आजीच्या वेळी हा प्रश्न नव्हता. दिवाळीच्या आधी अंगण खणायचं, पाणी शिंपडून चोपण्याने चोपायचं, शेणाने सारवायचं. जूनमध्ये पाऊस ते सगळं धुऊन नेणार हे गृहीतच. आता गोठ्यात गुरं नाहीत, सारवायला माणूस नाही आणि पुण्याहून येणाऱ्या आम्हा मंडळींना गाडी थेट ओटीपर्यंत न्यायची असते. तेव्हा गणपतीत सगळे जमलेले असताना ठराव झाला, अंगण पक्कं करायचं. कोकणात कुटुंबाचे ठराव गणपतीत होतात आणि मोडतात शिमग्यात, पण हा कसा कोण जाणे टिकला.

आराखडा पुतण्याने केला. तो बंगळुरूला असतो, त्यामुळे त्याला गावाबद्दल स्पष्ट मतं आहेत. फोनवर चित्र आलं: राखाडी सपाट फरशी, कडेने पांढरेशुभ्र गोटे, मध्ये शेकोटीचा गोल खड्डा, एका बाजूला सात फुटी भिंत आणि एक देखणा बाक. मागचं आकाश निळंभोर होतं. ते कुठल्या देशाचं ते कळेना, पण रत्नागिरी जिल्ह्याचं नक्कीच नव्हतं.

गवंड्याने ते चित्र दोन बोटांनी मोठं केलं. बाकापाशी थांबला. मान वर करून माडाकडे पाहिलं. चांगले तयार नारळ लागले होते. मग पुन्हा चित्राकडे बघत शांतपणे विचारलं, "इथे बसणार कोण?"

बाक गेला. गोट्यांबद्दल त्याचं म्हणणं असं, की पहिल्या पावसात ते तांबडे होतील आणि दुसऱ्यात अण्णांच्या पोफळीत जातील. शेकोटीच्या खड्ड्यात बेडकं चांगली राहतील, त्याला त्याची काही हरकत नव्हती.

मग त्याने जे विचारलं ते चित्रात कुठेच नव्हतं: पाणी कुठे सोडायचं? हिशेब अगदी शाळकरी आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं अंगण धरा २०० चौरस मीटर. जुलैत दिवसाला १०० मिलिमीटर पडला तर आमच्याकडे कोणी छत्रीसुद्धा बदलत नाही. पण तेवढ्यात अंगणात २०,००० लिटर पाणी येतं. ज्या गावात मे महिन्यात एका टँकरसाठी सरपंचांकडे खेटे घालावे लागतात, तिथे जुलैत दोन मोठे टँकर फुकट दारात रिकामे होतात आणि घ्यायला कोणी तयार नसतं. शोषखड्डा काढावा, तर माती दीड फूट आणि खाली जांभ्याचा कातळ. तसला खड्डा शोषत काही नाही, नुसता भरतो.

फरशीवर आठवडाभर काथ्याकूट झाला. घोटीव कोटा दिसतो छान, पण श्रावणात शेवाळ धरलं की पाहुणा ओटीऐवजी थेट विहिरीवर पोचतो. माझं मत पहिल्यापासून जांभ्याला. खाणीत असताना तो तासण्याइतका मऊ असतो आणि बाहेरची हवा लागली की कडक होतो. आमच्या घराण्यातले बरेच पुरुष नोकरीला लागल्यावर असेच झाले. शेवाळ यालाही धरतं, पण खरबरीत असल्यामुळे पाय टिकतो. शेवटी गाडीच्या वाटेवर ६० मिलिमीटरचे पेव्हर आणि बाकी चिरे, सांध्यांत सिमेंटऐवजी वाळू, असं ठरलं.

सात फुटी भिंत राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीने पाडली, बांधण्याआधीच. कुंपणाची भिंत रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटर उंच, २.४ मीटर हवी असेल तर वरचा ०.९ मीटर भाग उघडा, जाळीचा. त्यातून आमचं घर दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर. तिथे कोपऱ्यापासून दोन्हीकडे १० मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त पाऊण मीटर. म्हणजे मांडीएवढी. जुना गडगा तेवढाच होता! पणजोबांनी कुठली नियमावली वाचली होती देव जाणे. शिवाय गडग्याच्या फटींतून पाणी निघून जातं. सिमेंटची सलग भिंत ते अडवते आणि एखाद्या रात्री पाण्यासकट खाली बसते. गडगा राहिला.

उरले अण्णा. ते कोर्टात शिरस्तेदार होते आणि निवृत्तीनंतर अशिलांविना कासावीस होते. "अठराशे ब्याऐंशीचा ईझमेंट ॲक्ट," ते गडग्यापलीकडून म्हणाले. "वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी आपसूक खाली येत असेल तर खालच्याने ते घ्यायचं. मान्य. पण तुम्ही फरशी घालून, गोळा करून, नळी लावून माझ्या पोफळीत सोडलंत, तर ते आपसूक कसं?" थोडक्यात, विखरून आलं तर निसर्ग आणि नळीतून आलं तर दावा.

तडजोड चहावर झाली. गवंड्याने साठ फुटांना एक फूट असा उतार धरला, पाण्याच्या नळीने पातळी तपासली, आणि तरी विश्वास नसल्यासारखा वरच्या टोकाला तांब्याभर पाणी ओतून उकिडवा बसला. पाणी सांध्यासांध्यांतून जिरत, रेंगाळत गडग्यालगतच्या चरात उतरलं. चर तिथून पोफळीच्या बाजूने पऱ्याला मिळवला. मधला एक फाटा पोफळीत. अण्णांना हवं तेव्हा उघडता येईल असा. हा फाटा माझ्या खर्चाने, ही अट अण्णांची.

पुढच्या जूनमध्ये पावसाने दडी मारली. पंधरवडा उलटला तरी थेंब नाही. मी पुण्यात पंख्याखाली पडलो होतो, तोच अण्णांचा फोन.

"तुमचं पाणी अजून आलं नाही."

"अण्णा, पाऊसच नाही."

"ते मला माहीत आहे. पण वरती कोणी अडवलं तर नाही ना, एवढंच विचारतोय. ॲक्टमध्ये त्याचंही कलम आहे."