जावई, मुदत एक वर्ष

थायलंडचं नाव काढलं की आपल्याकडचा पुरुष आधी डोळा मिचकावतो. सिमेंटच्या डीलरांची सहल, विमा एजंटांची सहल, निवडून आलेल्या पॅनेलची ‘अभ्यास’ सहल. जुलै 2024 मध्ये त्या देशाने भारतीयांना 60 दिवस व्हिसाशिवाय राहू द्यायचं ठरवलं, तेव्हापासून तर बोईसरच्या ट्रॅव्हलवाल्याला अष्टविनायकाच्या पाटीशेजारी पट्टायाची पाटी लावतानाही संकोच होत नाही.

पण डोळा मिचकावून परत येणाऱ्यांबद्दल आज लिहायचं नाही. तिथे लग्न करून राहणाऱ्याबद्दल लिहायचं आहे.

समजा, आमच्या चिंचणीचा एक मुलगा आहे. डायमेकिंगमध्ये हात बसलेला, म्हणजे सोन्याच्या दागिन्यांचे साचे पोलादात कोरणारा. चिंचणी-तारापूरच्या कितीतरी घरांत या कामावर चूल पेटली आहे. बँकॉकमध्ये दागिन्यांचे कारखाने भरपूर आणि त्यांत भारतीय मालकही आहेत. मुलगा तिकडे गेला, तिथल्या मुलीशी जमलं, रीतसर नोंदणी करून लग्न झालं. चिंचणीच्या हिशेबाने विषय संपला. जावई झाला म्हणजे घरचा झाला, आता त्याला कोण उठवणार?

थाय इमिग्रेशनचा हिशेब वेगळा आहे. तिथे जावई एका वर्षाच्या मुदतीचा असतो. वर्ष संपत आलं की पुन्हा अर्ज, पुन्हा 1900 बाट शुल्क, पुन्हा सगळी कागदपत्रं. लग्नाचा दाखला आहे ना? आहे, पण तो जुना झाला. अम्फो म्हणजे त्यांच्या तहसील कचेरीतून लग्नाच्या नोंदीचा ताजा उतारा आणायचा. गेल्या वर्षीचं लग्न या वर्षी चालू आहे, याला काहीतरी पुरावा हवा. शिवाय फोटो. नवराबायको दिवाणखान्यात, नवराबायको स्वयंपाकघरात, नवराबायको घर क्रमांकाच्या पाटीखाली हसताना. काही कार्यालयांना झोपायच्या खोलीतलाही लागतो. घराकडे कसं यायचं त्याचा नकाशा. शेजारीपाजारी साक्षीला. मनात आलं तर अधिकारी घरी येऊन बघतात. एवढं करून लगेच वर्ष मिळत नाही. आधी ‘विचाराधीन’ असा 30 दिवसांचा शिक्का मिळतो आणि मग उरलेले अकरा महिने.

हे ऐकून आमच्याकडचे पुरुष हळहळतात. “काय बाई जाच! घरात राहायचं तर दर वर्षी सिद्ध करायचं?”

मी चिंचणीची सून आहे. मला हसू आवरत नाही.

कारण यातलं एक तरी कलम आम्हाला नवीन आहे का? लग्नाच्या जोरावर परक्या मुलखात मुक्काम वाढवून घेणं हा उद्योग या महाराष्ट्रात बायका पिढ्यानपिढ्या करत आल्या आहेत. फरक एवढाच की आमचा इमिग्रेशन ऑफिसर डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभा असायचा. माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आण, मग इकडे नाव चढेल. ग्रामपंचायतीतून लग्नाची नोंद आण. आधार बदल, पॅन बदल, बँकेत नाव बदल, हौस असेल तर राजपत्रात छापून आण. आणि घराची तपासणी? ती तर रोजचीच. भात कसा लागला आहे इथपासून सुरू होणारी.

पुरुषावर हीच पाळी आली की तिला मानवी हक्कांचा प्रश्न म्हणतात.

आता पैशाचं बघा. थाय बायकोच्या नात्यावर राहणाऱ्या परदेशी नवऱ्याने थाय बँकेत स्वतःच्या नावावर 4 लाख बाट दाखवावे लागतात. आजच्या भावाने दहा लाख रुपयांच्या वर. अर्जाआधी दोन महिने ते तसेच पडून असले पाहिजेत. ते जमत नसेल तर महिन्याला 40 हजार बाटची कमाई दाखवायची. आता यातली गंमत ऐका. नियमात ही अट परदेशी नवऱ्याला आहे. परदेशी मुलीने थाय पुरुषाशी लग्न केलं तर तिच्याकडे हे पासबुक मागत नाहीत. नवऱ्याने पोसायचं आणि बायकोने पोसलं जायचं, हे थाय इमिग्रेशनचंही ठाम मत दिसतं. समुद्र ओलांडला तरी काही गोष्टी आपल्या आधी जाऊन बसलेल्या असतात.

आपल्याकडे अशी रक्कम दाखवायची पाळी मुलीच्या बापावर येते. 1961 पासून हुंडा हा गुन्हा आहे, म्हणून त्या रकमेला ‘तुमच्या मुलीलाच द्या, आम्हाला काही नको’ असं म्हणतात. थाय पद्धतीत निदान बँकेतले ते पैसे जावयाचेच राहतात. तिथे लग्नात मुलीच्या आईबापांना नवरदेवाने रक्कम द्यायचीही चाल आहे, सिनसॉत म्हणतात तिला. शहरी मराठी माणसाला ही गोष्ट सांगितली की तो चकित होतो. चिंचणीहून पूर्वेला वाणगावच्या पलीकडे वारली पाड्यांवर जावं, म्हणजे कळेल की देज देऊन मुलगी आणायची रीत आमच्या जिल्ह्यातच होती. ज्याच्याकडे देज द्यायला काही नसायचं, तो सासऱ्याच्या घरी राहून कष्ट करून ते फेडायचा. ईशान्य थायलंडच्या खेड्यांतही नवरा बायकोच्या घरी राहायला जाण्याची जुनी रीत आहे. तेव्हा घरजावई म्हणून नाक मुरडायचा अधिकार फक्त या दोन्हींच्या मधल्या, आमच्यासारख्या लोकांनी स्वतःकडे घेतलेला आहे.

माझं सगळ्यात आवडतं कलम मात्र पुढे आहे. हा जावई वर्षाच्या मुदतीत आईला भेटायला चिंचणीला निघाला, तर आधी परत येण्याचा परवाना काढायचा. एकदाच जाऊन यायचं असेल तर 1000 बाट, वर्षभर हवं तितक्यांदा तर 3800. न विचारता विमानात बसला की मिळालेला मुक्काम तिथेच रद्द. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

माहेरी जायला परवानगी! गौरी-गणपती आधी सासरचे, मग दीड दिवस तिकडे, आणि ‘कधी येणार’ हे जाण्याआधी सांगून ठेवायचं. आमच्या आत्या-माम्यांना फक्त पावती मिळत नव्हती.

दर 90 दिवसांनी राहता पत्ता कळवायचा तो आणखी वेगळा. आणि परदेशी माणूस घरी राहायला आला की घराच्या मालकाने 24 तासांत कळवायचं. घर बायकोच्या नावावर असेल तर बायकोने सरकारला लिहून द्यायचं की माझा नवरा घरी आला आहे. ही सोय आपल्याकडेही असती तर काही घरांत फार उपयोगी पडली असती.

घर बायकोच्याच नावावर असणार, कारण परदेशी माणसाला तिथे जमीन घेता येत नाही. 1999 पर्यंत तर परदेशी नवरा असलेल्या थाय बाईलाच जमीन घेणं मुश्कील होतं. आता घेता येते, पण भूमी कार्यालयात नवराबायकोने मिळून लिहून द्यायचं की हा पैसा तिचा एकटीचा, नवऱ्याचा यात काही संबंध नाही. पैसा कोणी भरला हे सगळ्यांना ठाऊक असतं. सहीही सगळ्यांसमोर होते.

हे वाचताना मला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातला बाक दिसतो. त्यावर बहिणी बसलेल्या असतात, नव्या साड्या नेसून. भाऊ वडापाव आणतो, पेन पुढे करतो. हक्कसोडपत्र. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. तो कागदावर मिळाला आणि कागदावरच परत गेला. थायलंडमधला जावई निदान सहीनंतर फोरमवर, फोनवर, मित्रांपाशी आरडाओरडा करतो. बहीण सही करून वर राखी बांधते. माझ्या ओळखीत एकीने सही नाकारली, तर अख्ख्या आळीने तिला ‘लोभी’ ठरवलं. भावाला कोणी काही ठरवलं नाही.

मग घटस्फोट झाला, किंवा बायको वारली तर? राहण्याचं कारण संपलं. ज्या नात्यावर शिक्का होता ते नाही, तर शिक्काही नाही. दुसरं कारण शोधायचं, नाहीतर सामान बांधायचं. मुदत उलटून राहिलात तर दिवसाला 500 बाट दंड, 20 हजारांपर्यंत. एक पळवाट आहे. थाय नागरिक असलेलं मूल असेल तर त्याचा आईबाप म्हणून राहायला अर्ज करता येतो.

हा नियम कुठल्या बँकॉकच्या वकिलाने लिहिला म्हणता? आमच्या कुठल्याही आळीतली म्हातारी झोपेत सांगेल. नवरा गेलेल्या सुनेला तेराव्याला विचारतात, आता पुढे काय ठरवलंस. मुलगा असेल तर विचारत नाहीत. 1956 च्या वारसा कायद्याने तिला वाटा आहे, पण कायदा तेराव्याच्या जेवणाला येत नाही.

परक्याला राहू द्यायच्या अटी घालण्यात या किनाऱ्याचा हात कोणी धरू नये. डहाणू, घोलवड, उंबरगाव ओलांडलं की संजाण. पारशी मंडळी तिथे उतरली तेव्हाची कथा ‘किस्सा-ए-संजाण’मध्ये आहे. जादी राण्याने अटी घातल्या. धर्म समजावून सांगा, इथली भाषा बोला, शस्त्रं खाली ठेवा. उरलेल्या दोन अशा, की तुमच्या बायकांनी इथल्या बायकांसारखं वस्त्र नेसायचं आणि लग्नं दिवस मावळल्यावर लावायची. इतिहास म्हणून कथेचा किस पाडणारे पाडोत. कथा सांगणाऱ्यालाही ठाऊक होतं की मुक्कामाचा परवाना शेवटी बाईच्या अंगावर आणि लग्नाच्या मांडवात तपासला जातो.

त्याहून मोठा परदेशी तर आमच्या चिंचणीच्या ताम्रपटात सापडतो. राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या काळातला, शके 848 चा म्हणजे इ.स. 926 चा लेख. संजाणचं सगळं मंडल एका ताजिक, म्हणजे अरब माणसाच्या हाती होतं. त्याने लोकांसाठी फुकट होड्या चालवल्या, अन्नछत्र घातलं, देवीच्या मठाच्या दानाला हातभार लावला. एवढा मोठा अधिकारी, पण लेखात महंमदाचा झाला आहे मधुमती. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून घेतलेल्या बायकांना यात काही विशेष वाटणार नाही.

आता उलटी बाजू घेऊ. आमचा तो डायमेकर बायकोला घेऊन चिंचणीलाच परत आला तर? थायलंडच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी इथे जरा बसून घ्यावं. तिला एक्स व्हिसा लागेल. 180 दिवसांहून जास्त राहायचं असेल तर आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद. आणि ती घरी उतरली की 24 तासांत परदेशी पाहुण्याचा फॉर्म भरायचा, जो हॉटेलवाल्यांपुरताच असतो अशी आपल्या सगळ्यांची समजूत आहे. पर्यटक म्हणून येऊन इथे लग्न केलं आणि व्हिसा बदलून मागितला, तर चौकशी होते. तीत एक मुद्दा असा की हे दोघं खरोखर एकत्र राहतात का? या चौकशीसाठी पोलिसाने गाडीचं डिझेल जाळायची काही गरज नाही. बंदरावर मासे घेणाऱ्या कुठल्याही बाईला विचारलं तरी ती दोघांचं भांडण कधी झालं, कशावरून आणि मिटलं कधी, हे तारखेसकट सांगेल.

नोंदलेल्या लग्नाला सलग दोन वर्षं झाली की ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक, कार्डासाठी अर्ज करता येतो. ते मिळालं तरी त्यावर शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे आपण थायलंडला नावं ठेवायची ती नेमकी कशाबद्दल, हे एकदा ठरवायला हवं. नागरिकत्व हवं असेल तर सात वर्षं इथे काढायची, मग अर्ज.

समजा, सात वर्षं काढली. बोंबील तळायला शिकली, चिंचणीचं मराठी बोलू लागली, सासूच्या आजारपणात रात्री जागली. नागरिकत्वाचं प्रमाणपत्रही हातात आलं. आता ती रेशनकार्डात नाव घालायला तहसील कचेरीत जाईल. खिडकीतला माणूस तिचे सगळे कागद उलटसुलट बघेल आणि मान वर न करता म्हणेल, “ताई, हे सगळं ठीक आहे, पण माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला कुठाय?”